तेलाची बाटली काट्यावर: साडेपाच महिन्यांच्या वजनाच्या नोंदी

३ जानेवारी

आज सुरुवात. वय ४८, उंची १५८ सेंमी, वजन ८२.४ किलो, कमरेचा घेर ९८ सेंमी. गेल्या आठवड्यातल्या तपासणीत एचबीए१सी (तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजणारी रक्ततपासणी) ६.२ आला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा, म्हणजे मी त्यात बरीच आत आहे. रक्तदाब १३८/८८. डॉक्टर म्हणाल्या, "गोळ्यांचं नंतर बघू. तीन महिने खाण्याकडे आणि चालण्याकडे नीट लक्ष द्या, मग परत रक्त तपासू." तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि एचबीए१सी त्या काळातल्या साखरेचा हिशेब सांगतो. त्यामुळे महिन्याभरात घाईने परत तपासण्यात अर्थ नाही.

उद्दिष्ट ७ टक्के वजन कमी करण्याचं, म्हणजे ७६.६ किलो. हा आकडा मनाने ठरवलेला नाही. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात (२००२) माझ्यासारख्याच लोकांना ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल एवढंच सांगितलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं.

साधनं: ब्लूटूथचा वजनकाटा, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, हातातलं घड्याळ (आधीपासून होतं), जेवणाच्या नोंदींचं अ‍ॅप, रक्तदाबाचं यंत्र आणि शिवणाच्या डब्यातली टेप. मिफ्लिन-सेंट जॉर सूत्राने विश्रांतीचा खर्च (नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला लागणाऱ्या कॅलरी) काढला: १० × वजन, अधिक ६.२५ × उंची, वजा ५ × वय, वजा १६१ (पुरुषांसाठी अधिक ५). उत्तर १४१०. माझं बैठं काम धरून १.४ ने गुणलं, तर दिवसाला १९७५ कॅलरी. मी १६०० ठरवल्या.

५ जानेवारी

वजनकाट्यावर सकाळ गेली. पायपुसण्यावर ठेवला होता, तिथे ८०.९ दाखवलं. फरशीवर ठेवला तर ८२.३. काटा कडक, सपाट जमिनीवरच हवा.

दुसरी गोष्ट मुलीने पकडली. मी तीनदा चढले, तिन्ही वेळा ८२.३. किती अचूक आहे म्हणून मला बरं वाटलं. ती म्हणाली, "आई, आता पाण्याचा पेला हातात घेऊन चढ." चढले, तरी ८२.३. असे बरेच काटे आधीचं वजन लक्षात ठेवतात आणि नवं वजन त्याच्या जवळपास असेल तर जुनाच आकडा परत दाखवतात. त्यामुळे वापरणाऱ्याला काटा पक्का वाटतो. उपाय: आधी एखादी जड पिशवी हातात घेऊन चढायचं, उतरायचं, मग रिकाम्या हाताने चढून तो आकडा लिहायचा. तुमच्या काट्याची ही परीक्षा पहिल्याच दिवशी घ्या.

१० जानेवारी

आठ दिवसांत ८२.४ वरून ८०.९. घरात सगळ्यांना सांगून झालं. मग नीट वाचलं. खाणं कमी झालं की स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) आधी संपतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी जातं. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. रोज ३७५ ची तूट गृहीत धरली तरी आठवड्याला जेमतेम ३४० ग्रॅम निघतात. उरलेलं एक किलोहून थोडं जास्त पाणी होतं. पुढच्या आठवड्यात हा वेग राहणार नाही हे आजच लिहून ठेवते, म्हणजे तेव्हा धीर सुटणार नाही.

१६ जानेवारी

अ‍ॅपमधली मोठी चूक सापडली. मी ताटातला शिजलेला भात मोजत होते आणि अ‍ॅपमध्ये "तांदूळ" निवडत होते. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी, शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे १३०. म्हणजे २०० ग्रॅम भाताच्या २६० कॅलरी माझ्या नोंदीत ७२० होत होत्या. दुपारीच कोटा संपल्यासारखा दिसायचा, मी रात्रीचं जेवण टाळायचे आणि अकरा वाजता भुकेने शेंगदाण्यांचा डबा उघडायचे. ते शेंगदाणे मात्र "मूठभर" म्हणून लिहिलेले. काट्यावर माझी मूठ ४१ ग्रॅम भरली, म्हणजे २३० कॅलरी. दहा दिवसांच्या नोंदी पुसून टाकल्या.

आतापासून नियम: जे कच्चं मोजलं ते कच्च्या नोंदीत, जे शिजवून मोजलं ते शिजलेल्या नोंदीत. आणि अ‍ॅपमध्ये इतरांनी भरलेल्या नोंदींवर विश्वास नाही. एकाच पदार्थाच्या चार नोंदी, चारही वेगळ्या. पाकिटावरच्या तक्त्याशी ताडून स्वतःच्या वीस-पंचवीस नोंदी तयार केल्या. एक रविवार गेला, पण पुढे रोजचा वेळ वाचला.

२५ जानेवारी

हा या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा दिवस असेल.

पाणी उतरल्यानंतर दोन आठवडे वजन हललेलं नाही. अ‍ॅप म्हणतं मी १६०० खातेय, वजन म्हणतं नाही. दुपारी बसून एकेक जिन्नस तपासला. भात मोजते, भाजी मोजते, अंडी मोजते. तेल? तेल मी "दोन चमचे" लिहीत होते, म्हणजे १० ग्रॅम. बाटली मात्र दर पंधरवड्याला संपते.

सुदैवाने १८ तारखेला नवी बाटली उघडताना तिचं वजन लिहून ठेवलं होतं. आज पुन्हा मोजलं. सात दिवसांत १०५० ग्रॅम तेल गेलं होतं. आम्ही तिघं. माणशी रोजचे ५० ग्रॅम, म्हणजे ४५० कॅलरी. मी लिहीत होते ९०. रोज ३६० कॅलरी हिशेबाबाहेर. १६०० मध्ये ३६० मिळवले की १९६०, म्हणजे वजन आहे तिथेच ठेवण्याइतकं अन्न. काटा खरं बोलत होता.

तेल परातीत दिसत नाही, ताटात दिसत नाही, पोटही त्याने लवकर भरल्यासारखं वाटत नाही. पण ग्रॅमला नऊ कॅलरी, पिष्ट आणि प्रथिनांच्या दुपटीहून जास्त. कढईत ओतताना हात अर्धा सेकंद जास्त वाकडा राहिला तरी दहा ग्रॅम जातात.

उपाय: दर रविवारी छोट्या बाटलीत आठवड्याचं तेल मोजून भरायचं. (पुढचं नंतर जोडलेलं.) पहिला प्रयत्न ४२० ग्रॅमचा. गुरुवारीच संपला आणि घरात कुरबुर झाली. मग ५२५ वर आलो, माणशी रोज २५ ग्रॅम. मोठी बाटली वरच्या फळीवर. परतताना तळ कोरडा पडला की तेलाऐवजी पाण्याचा हबका आणि वर झाकण, हे नवऱ्याने शोधलं आणि तेच टिकलं.

एका भांड्यात सगळ्यांसाठी शिजवतो, तिथे वाटा कसा मोजायचा हा प्रश्न होताच. रिकाम्या भांड्यांची वजनं दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली. शिजल्यावर भांड्यासकट वजन, त्यातून भांडं वजा, आणि सगळ्या कच्च्या जिन्नसांच्या कॅलरींना त्या आकड्याने भागायचं. मग माझ्या वाटीत किती ग्रॅम, एवढंच बघायचं. चार मिनिटं जास्त लागतात.

१२ फेब्रुवारी

२२ जानेवारीपासून रोज तासभर चालतेय. तेलही अर्ध्यावर आलं. तरी तीन आठवड्यांत जेमतेम २०० ग्रॅम कमी. आता दोष घड्याळाचा, आणि त्यावर विसंबणाऱ्या माझा.

घड्याळ दर चालण्याला ४८० कॅलरी देत होतं. अ‍ॅप त्या आपोआप माझ्या कोट्यात मिळवत होतं आणि मी त्यातल्या निम्म्याहून जास्त खात होते, "कमावल्या" म्हणून. हिशेब करून पाहिला. ८० किलोचं माणूस तासाला पाच किलोमीटरच्या चालीने तासभर चाललं तर साधारण २८० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ८० तर ते बसून राहिलं असतं तरी गेल्या असत्या. निव्वळ कमाई दोनशेच्या आसपास. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं साठ जणांवर तपासली होती. बहुतेक यंत्रांनी हृदयाचे ठोके बरोबर मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगलं यंत्रसुद्धा २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी.

अ‍ॅपमधलं हालचालीच्या कॅलरी मिळवण्याचं बटण बंद केलं. घड्याळ आता फक्त पावलं आणि ठोके मोजेल. पावलांचं लक्ष्य दहा हजारांवरून आठ हजारांवर आणलं. दहा हजार हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आला, प्रयोगशाळेतून नव्हे. मला रोज आठ हजार जमतात आणि दहा हजारांच्या ध्यासापायी मी दोनदा गुडघा दुखवून घेतला होता.

२७ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यात सोडून द्यावंसं वाटलं होतं. चार दिवसांत ८०.४ वरून ८२.१. खाण्यात काही बदल नव्हता.

दोन कारणं एकात एक अडकली होती. पहिलं कारण पाळीआधीचं. माझं वजन त्या चार-पाच दिवसांत दीड किलोपर्यंत वाढतं, ते पाणी असतं आणि नंतर उतरतं. जानेवारीच्या नोंदी काढल्या तर तिथेही असाच उंचवटा होता, तेव्हा वेगळं कारण समजून गेले होते. बायकांनी आजचं वजन मागच्या आठवड्याशी ताडू नये. मागच्या पाळीच्या त्याच दिवसाशी ताडावं.

दुसरं कारण यंत्राचं. आमचा काटा कोण चढलं हे वजनावरूनच ओळखतो. नवरा ७९.५ किलोचा. माझं वजन त्याच्याजवळ येताच काटा त्याचे आकडे माझ्या खात्यात आणि माझे त्याच्या खात्यात टाकू लागला. बारा दिवसांच्या नोंदी अशा मिसळल्या. वेळेवरून वेगळ्या केल्या, कारण मी साडेसहाला चढते आणि तो आठनंतर. आता तो पाहुण्याच्या पर्यायावर चढतो.

त्याच काट्याची चरबीची टक्केवारी बघणंही आज बंद केलं. सकाळी ४१.२, त्याच संध्याकाळी ३७.८. तळव्यांतून जाणारा सौम्य प्रवाह अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतो, म्हणून पाणी प्यायलं, घाम आला, जेवलं की आकडा बदलतो. (शरीरात पेसमेकर असेल तर असे काटे वापरू नयेत.) त्याऐवजी पंधरा दिवसांनी टेप, कमरेला. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असावा, म्हणजे माझ्यासाठी ७९. आज ९५.

मुलीने कलवजनाचा (रोजचे चढउतार सपाट करून वजनाचा कल दाखवणाऱ्या आकड्याचा) तक्ता करून दिला. सूत्र: कालचं कलवजन, अधिक आजच्या वजनाच्या आणि त्याच्या फरकाचा दहावा भाग. समजा कालचं कलवजन ८०.६ आणि आज काट्यावर ८२.१, तर फरक १.५, दहावा भाग ०.१५, नवं कलवजन ८०.७५. एका दिवसाची उडी इथे फक्त दीडशे ग्रॅम दिसते. जुने आकडे भरल्यावर रेघ उताराची निघाली. यापुढे नोंदींत कलवजनच लिहीन.

२० मार्च – कलवजन ७९.४

डॉक्टरांना विचारून दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावला होता. चौदा दिवस, आज काढला. या सबंध प्रकल्पातला निम्म्याहून जास्त खर्च या एका वस्तूवर झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, सेन्सर स्थिरावत असतो. दुसऱ्या रात्री दोन वाजता साखर ५८ म्हणून गजर झाला. घाबरून उठले, साखरपाणी घेतलं, बोटातून रक्त काढून पाहिलं तर ९४. मी त्या दंडावर झोपले होते. सेन्सरवर दाब आला की आकडा खोटाच खाली जातो. शिवाय तो रक्तातली नव्हे, पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो.

कामाचं असं मिळालं. १५० ग्रॅम भात नुसता खाल्ला तेव्हा साखर १७८ पर्यंत गेली. तेवढाच भात, पण आधी भाजी आणि कडधान्य खाऊन मग, तर १४६. तसंच जेवून लगेच पंधरा मिनिटं चालले, तर १३१. प्रत्येक प्रयोग दोनदा केला. त्या दिवसापासून ताटातला क्रम बदलला, एवढ्यासाठी मात्र सेन्सरची गरज नव्हती.

नुकसानही झालं. सपाट रेघेचा हव्यास लागला. फळं बंद केली, भात निम्मा केला आणि त्या जागी शेंगदाणे, चीज, बदाम आले, कारण ते खाल्ले की रेघ हलत नाही. सेन्सरला चरबी दिसत नाही. दुसऱ्या आठवड्यात रोज सरासरी ३०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि कलवजन दोनशे ग्रॅमने वर गेलं. मला मधुमेह नाही, मी परत सेन्सर लावणार नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट पूर्ण वेगळी, त्यांनी माझ्या नोंदीवरून काही ठरवू नये.

३ एप्रिल – ७८.९

संध्याकाळची भूक हा माझा कमकुवत प्रहर. प्रथिनं मोजली तर दिवसाला ४६ ग्रॅमच होती. सकाळी दोन अंडी आणि वाडगाभर घट्ट दही ठरवून टाकलं, रात्री कडधान्यं वाढवली. ८५ ग्रॅमपर्यंत गेले आणि पाच-सहा दिवसांत संध्याकाळचं चरणं खरंच कमी झालं.

चूक तंतूंची (फायबरची) केली. एका आठवड्यात १५ ग्रॅमवरून ३५ वर उडी. पोट फुगलं, दोन दिवस ऑफिसात बसवेना. परत २० वर येऊन दर आठवड्याला पाच ग्रॅम वाढवते आहे, पाणी जास्त.

११ एप्रिल – ७८.५

एचबीए१सी ५.९. डॉक्टरांनी आणखी तीन महिने दिले.

घरचा रक्तदाब मात्र १४० च्या खाली येत नव्हता आणि दवाखान्यात १२९ भरला. यंत्राचा पट्टा २२ ते ३२ सेंमी दंडासाठी होता, माझा दंड ३४. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. तीन महिन्यांच्या घरच्या नोंदी वाया गेल्या. मोठा पट्टा घेतला. पद्धत: पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, उघडा दंड हृदयाच्या पातळीत, बोलायचं नाही, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. सात दिवस, पहिला दिवस सोडून सरासरी. घरच्या मोजणीत १३५/८५ ही मर्यादा. माझी सरासरी १२८/८२.

२३ मे – ७८.०

चार आठवडे ७८.० वर. सूत्र नव्या वजनाने मांडलं, तर रोजचा खर्च फक्त साठ कॅलरींनी कमी झालाय. तेवढ्याने गाडी थांबत नाही.

गुरुवार ते शनिवार पुन्हा जानेवारीसारखं सगळं काट्यावर ठेवलं, पण आधी नेहमीसारखा अंदाज लिहून. अंदाज १६४०, प्रत्यक्ष १९३०. मोजणं मार्चपासून हळूहळू सुटलं होतं. "तेवढंच तर असतं" म्हणत मी डोळ्यांनी मोजू लागले होते आणि डोळे दर आठवड्याला थोडे उदार होत गेले. १९९२ च्या एका गाजलेल्या अभ्यासात, खाणं कमी करूनही वजन घटत नाही म्हणणाऱ्या लोकांनी खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं. ते खोटं बोलत नव्हते, हे मला आता आतून कळतं.

तेलाची रविवारची बाटलीही दोनदा मध्येच भरली गेली होती. आणि कामाच्या गडबडीत पावलं ८२०० वरून ५६०० वर.

रोज सगळं मोजणं मला आयुष्यभर जमणार नाही. पहिल्या महिन्यात दिवसाला चाळीस मिनिटं यात जात होती. म्हणून बदल: सकाळचं जेवण ठरलेलं, त्याची नोंद नाही. तेल, भात आणि सुकामेवा हे तीनच कायम काट्यावर. महिन्याच्या पहिल्या तीन दिवशी पूर्ण मोजणी, डोळे ताळ्यावर आणायला. बाकी दिवस अ‍ॅप बंद. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम, कारण वजन उतरताना स्नायूही जातात.

२१ जून – ७६.९

साडेपाच किलो कमी, म्हणजे ६.७ टक्के. उद्दिष्टाला ३०० ग्रॅम बाकी. कमर ९१. रक्तदाबाची सरासरी १२४/८०. एचबीए१सी काल ५.७ आला, म्हणजे अजून त्या पट्ट्याच्या कडेवर. डॉक्टर म्हणाल्या, "गोळ्या नकोत. सहा महिन्यांनी या."

नोंदींना आता दिवसाला आठ मिनिटं लागतात. नवरा न मोजता तीन किलोने उतरलाय, कारण तेल त्याच्याही ताटातलं कमी झालं. पुढचं काम मिठाचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते, आमच्या घरी माणशी किती जातं ते ठाऊक नाही. आज सकाळी तेलाची आठवड्याची बाटली भरली आणि तिच्याशेजारी मिठाचा डबा काट्यावर ठेवला: डब्यासकट ९१२ ग्रॅम. पुढच्या रविवारी परत मोजेन.